झाकणाची आतली बाजू

घड्याळाचे मागचे झाकण उघडले की बहुतेकांची नजर यंत्राकडे जाते. माझी आधी झाकणाच्या आतल्या बाजूकडे जाते. कारखान्याचे नाव आणि क्रमांक यांच्या आजूबाजूला तिथे सुईच्या टोकाने ओरखडलेली बारीक अक्षरे असतात. नुसत्या डोळ्यांना ती पोलादावरची खरचट वाटते, पण आयग्लास (डोळ्यावर बसवायचे भिंग) लावून प्रकाश तिरपा पाडला की तारखा, आद्याक्षरे आणि नोंदवहीचे क्रमांक दिसू लागतात. पूर्वी प्रत्येक घड्याळजी आपल्या हातून गेलेल्या घड्याळावर अशी खूण करून ठेवीत असे. त्यामागचे कारण अगदी व्यवहारी होते: गिऱ्हाईक सहा महिन्यांनी परत येऊन ‘तुम्हीच दुरुस्त केले होते’ म्हणाले, तर झाकण उघडून खरेखोटे करता यावे. पन्नास-साठ वर्षे हातावर वागवलेल्या घड्याळात मात्र या खुणा साचत जातात आणि झाकणाची आतली बाजू म्हणजे सरकारी दवाखान्यातला केसपेपर होऊन बसते.

गेल्या श्रावणात विलेपार्ल्याच्या एक सत्तरीतल्या बाई माझ्याकडे एक ओमेगा घेऊन आल्या. चष्म्याच्या घरात, लोकरी पायमोज्यात गुंडाळून आणले होते. त्यांचे वडील व्यापारी जहाजावर इंजिनिअर होते आणि त्यांनी ते एडनला घेतले होते. एडन तेव्हा जकातमुक्त बंदर होते. त्या वाटेने गेलेल्या आपल्याकडच्या कित्येक खलाशांच्या आणि प्रवाशांच्या घरी अजूनही तिथले एखादे स्विस घड्याळ, दुर्बीण किंवा पार्करचे पेन निघते. यंत्रावरचा क्रमांक १ कोटी १० लाखांच्या घरातला, म्हणजे घड्याळ साधारण १९४७ चे. आत ओमेगाने १९३९ मध्ये काढलेले ३० मिलिमीटर व्यासाचे प्रसिद्ध यंत्र होते. तांबूस मुलामा दिलेले ते यंत्र उघडले की आजही आधी थोडा वेळ पाहत बसावेसे वाटते. गर्दी नाही, दिखावा नाही, प्रत्येक चाकाला ऐसपैस जागा. माझ्या मते हाताने चावी द्यायच्या मनगटी घड्याळांत याच्याइतके सरळ स्वभावाचे यंत्र क्वचितच झाले असेल.

झाकणात पाच खुणा होत्या. तीन इंग्रजीत, त्यांतली एक पुसट. एक नुसतीच तारीख. आणि त्यांच्या खाली, एका कडेला, देवनागरीत: ‘श्री ७४/३१२’.

ही खूण मी ओळखली. ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो, त्या काकांची ती होती.

गिरगावात एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली काकांचे दुकान होते. दुकान म्हणायचे इतकेच. काचेची एक पेटी, एक स्टूल, चाळीसचा दिवा आणि मागे भिंतीवर तारेला लटकवलेली तयार घड्याळे. ते माझे नात्याने कोणी नव्हते. १९८५ साली बारावीनंतर पुढे काय करायचे हे न कळून मी त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो आणि पहिले आठ महिने त्यांनी मला पट्टे बदलण्यापलीकडे काही करू दिले नाही. पोटापाण्याचे काम एचएमटीचे असे. बंगळूरला १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने सुरू झालेल्या त्या कारखान्याने देशाच्या मनगटावर घड्याळ बांधले, आणि जनता, सोना, कांचन ही नावे काका घरातल्या मुलांची नावे घ्यावीत तशी घेत. ओमेगा, रोलेक्स, फाव्र-ल्युबा अशी घड्याळे अधूनमधून येत. ती आली की काका आधी हात धुऊन येत.

खंडेनवमीला ते आपल्या लहानशा लेथची, म्हणजे कातकामाच्या यंत्राची, पूजा करीत. झेंडूचे फूल वाहत, नारळ वाढवीत, पण हळदकुंकू मात्र लाकडी पेटीच्या झाकणाला बाहेरून लावीत. हत्यारांना कधीच नाही. कुंकवाचा एक कण एखाद्या यंत्रात गेला तर तो चाकाच्या दातात अडकून घड्याळ बंद पाडू शकतो, हे त्यामागचे कारण. ‘देवाला कळतं’, असे ते म्हणत आणि पेटी उघडण्यापूर्वी बोटे पुन्हा एकदा धोतराला पुसत.

त्या लेथचा उपयोग काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. मनगटी घड्याळाच्या पोटात बॅलन्स नावाचे एक चाक असते, ते पुढेमागे झोके घेत असते, आणि त्याच्या मध्यातून जाणारी पोलादी आस म्हणजे आमच्या भाषेत ‘स्टाफ’. या आसेची दोन्ही टोके माणकाच्या छिद्रांत फिरतात आणि त्यांची जाडी मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आसपास असते, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षा थोडीशीच अधिक. धक्का सोसणारी इनकाब्लॉकसारखी रचना १९३४ पासून बाजारात आली असली, तरी ती सगळ्या घड्याळांत पोहोचायला बरीच वर्षे गेली. तोवर घड्याळ हातातून पडले की ते टोक मोडणार हे ठरलेलेच. १९७४ साली अशा मोडलेल्या ओमेगाचा स्टाफ मुंबईत मिळवायचा म्हणजे एक तर कुणाच्या तरी ओळखीने परदेशातून मागवायचा, नाही तर चोरबाजारात तसेच दुसरे मेलेले घड्याळ शोधायचे. आयातीवर निर्बंध होते, परकीय चलन जपून वापरायचे होते, आणि घड्याळाचे सुटे भाग कुणाच्याच यादीत वरच्या क्रमांकावर नव्हते. तेव्हा काका पोलादाची तार घेऊन नवी आस कातीत, तापवून तेलात विझवीत, पुन्हा मंद आचेवर निळसर रंगाला आणीत आणि मग तिची टोके घासून आरशासारखी करीत. एका स्टाफला पूर्ण दिवस जाई. सलग तीन मोडले तर त्या दिवशी ते घरी जेवत नसत, असे काकू सांगत.

काकांबद्दल मला केवळ गहिवर आहे असे मात्र कुणी समजू नये. ते यंत्र पेट्रोलमध्ये धुवीत, दाढीच्या ब्रशाने घासत आणि खडूच्या भुकटीवर तोच ब्रश फिरवून चाके चमकवीत. त्या पेट्रोलचा पातळ थर मागे राही. तेल ते सढळ हाताने घालीत, आणि घड्याळात तेल जास्त होणे हे कमी होण्याइतकेच वाईट असते. हे मला पुढे कळले. १९९३ मध्ये मी मुंबईतल्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये लागलो आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या बऱ्याच सवयी मोडीत निघाल्या.

तिथे पांढरे कोट, धूळ रोखणारे दुहेरी दार आणि प्रत्येकाच्या टेबलावर टिकटिक ऐकणारे यंत्र होते. टाइमग्राफर म्हणतात त्याला. मायक्रोफोनवर घड्याळ ठेवले की ते दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे जाते, बॅलन्सचा झोका किती अंशांचा आहे आणि डावा-उजवा झोका सारखा पडतो की लंगडतो, हे सारे पडद्यावर दिसते. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून जे ऐकतो ते हे यंत्र आकड्यांत सांगते. निरोगी घड्याळ सपाट ठेवले असता, पूर्ण चावीवर, २७० ते ३०० अंशांच्या आसपास झोका घेते. २०० च्या खाली आले की त्याला धाप लागली आहे असे समजावे. काका हेच घड्याळ कानाला लावून ओळखत आणि बहुधा बरोबर ओळखत. पण ‘बहुधा’ हा शब्द लाखो रुपयांच्या घड्याळाच्या पावतीवर लिहिता येत नाही.

महागड्या घड्याळाच्या सर्व्हिसिंगमध्ये नेमके काय करता, आणि त्याला साध्या घड्याळाच्या किमतीइतके पैसे कशाचे, हा प्रश्न मला आजवर शेकडो वेळा विचारला गेला आहे, आणि प्रश्न रास्त आहे. घड्याळ पूर्ण उकलले जाते. साध्या चावीच्या घड्याळात स्क्रू धरून शंभराच्या पुढेमागे भाग असतात, क्रोनोग्राफमध्ये, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळात, अडीचशेच्या वर. ते जाळीच्या टोपलीत घालून धुण्याच्या यंत्रात, एकामागून एक द्रावांतून फिरवले जातात. प्रत्येक माणकाचे छिद्र टोकदार लाकडी काडीने साफ करून ती काडी काळी निघते का ते पाहिले जाते. मेनस्प्रिंग, म्हणजे चावी दिली की गुंडाळली जाऊन घड्याळ चालवणारी स्प्रिंग, बहुधा नवी घातली जाते. मग जोडणी आणि तेल. तेल एक नसते: वेगाने फिरणाऱ्या बारीक टोकांना पातळ, सावकाश फिरणाऱ्या जाड टोकांना दाट, आणि एस्केप चाकाला ठोक्याठोक्याने अडवणाऱ्या-सोडणाऱ्या पॅलेट या लहान दांड्याच्या ज्या दोन माणिकखड्यांवर त्या चाकाचे दात आदळतात त्यांना ग्रीस. मोबियसचे ९०१० नावाचे तेल दोन मिलिलिटरच्या बाटलीत येते आणि तिला काही हजार रुपये पडतात. एक बाटली मला वर्षभर पुरते, कारण एका जागी जाणारा थेंब डोळ्याला दिसतच नाही, फक्त भिंगाखाली माणकाच्या वाटीत एक चमकती कडी उमटते. ही कडी वाटीच्या काठाला टेकली तर तेल निसटून पसरते आणि जिथे हवे तिथे काहीच उरत नाही. काकांचे तेल नेहमी काठाला टेकलेले असे.

कृत्रिम तेले येण्यापूर्वी घड्याळाला कोणते तेल घालीत, हे समजले तेव्हा मी चकित झालो होतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड या देवमाशांच्या शिकारीच्या बंदरात विल्यम नाय याचा कारखाना डॉल्फिन आणि तशाच लहान देवमाशांच्या जबड्यातून काढलेले तेल घड्याळांसाठी जगभर विकत असे. ते थंडीत गोठत नसे. संध्येचा मुहूर्त साधण्यासाठी घड्याळ पाहणाऱ्या आपल्याकडच्या कित्येक कडक सोवळ्याच्या घरांत ते तेल मनगटापाशी टिकटिकत गेले असेल, या विचाराने मला अजूनही हसू येते.

‘घड्याळ तर चालतंय, मग सर्व्हिसिंग कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आजचे बहुतेक चांगले यांत्रिक घड्याळ तासाला २८,८०० ठोके देते, म्हणजे सेकंदाला आठ, म्हणजे वर्षाला २५ कोटींहून अधिक. तेल सुकले तरी ते थांबत नाही. पोलाद पोलादावर घासत चालते, त्यातून लालसर गंज झरतो, तो उरल्यासुरल्या तेलात मिसळतो आणि त्याचा पॉलिशपेपर होतो. मालकाला दिवसाला पाच-दहा सेकंदांचा फरक पडला एवढेच कळते. गाडीचे इंजिन निदान आवाज तरी करते. पाच ते आठ वर्षांत एकदा, काही कंपन्यांच्या मते दहा वर्षांत एकदा, घड्याळ उघडून घ्यावे असे सांगतात ते त्यासाठी. आपल्याकडे मला त्यात एक पुरवणी जोडावीशी वाटते: पाणी आत न येऊ देणारी रबरी कडी मुंबईच्या घामात आणि कोकणच्या पावसाळ्यात लवकर हार मानते, त्यामुळे यंत्र न उघडता निदान हवेच्या दाबाची चाचणी दर वर्षी मृगाच्या आधी करून घ्यावी. काचेखाली धुके दिसले की घड्याळ तांदळात पुरून ठेवायचा उपाय हल्ली घरोघरी चालतो. पाणी आतच राहते, आणि तांदळाची भुकटी मात्र चावीच्या फटीतून आत जाते.

सर्व्हिस सेंटरची शिस्त मी मनापासून स्वीकारली, पण तिथल्या एका नियमाशी माझे कधी जमले नाही. आलेले घड्याळ नव्यासारखे होऊन गेले पाहिजे, असा तो नियम होता. काटे डागाळले असतील तर बदला, तबकडी उतरली असेल तर बदला, केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाला, पॉलिश तर करायचेच. जुने भाग परत द्यायचे नाहीत. बहुतेक गिऱ्हाइकांना तेच हवे असते हेही खरे, आणि चार वर्षांपूर्वी घेतलेल्या घड्याळाच्या बाबतीत त्यात काही गैर नाही.

पॉलिशचे काम माझ्या हाताला चांगले होते. साधारण १९९८ मध्ये एका निवृत्त इंजिनिअरचे रोलेक्स माझ्याकडे आले. पट्टा अडकवायच्या चार कानांपैकी, ज्यांना आम्ही लग म्हणतो, एकावर खोल खोक होती. मी ती काढली. ती काढायची तर इतर तीन कानही तितकेच उतरवावे लागतात, नाही तर घड्याळ तिरपे दिसते. त्यामुळे मी चारही कान फिरत्या बफवर सारखे केले आणि कडा उजळल्या. मला स्वतःचा अभिमान वाटला. ते गृहस्थ घड्याळ न्यायला आले, त्यांनी ते हातात घेऊन फिरवले आणि अंगठा त्या कानावरून दोनदा नेला. ‘इथे एक खोक होती’, ते म्हणाले. मी उत्साहाने सांगितले की ती पूर्ण गेली. तेव्हा त्यांनी सांगितले की ते कोयना प्रकल्पावर होते, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा हे घड्याळ टेबलावरून फरशीवर पडले होते, त्यावर भिंतीचा गिलावा कोसळला होता, आणि ते घराबाहेर निघाले तेव्हा त्यांनी का कोण जाणे पण फक्त हे घड्याळ उचलले होते. मग ‘छान झालंय काम’ म्हणून त्यांनी पैसे भरले आणि ते निघून गेले. त्यांनी तक्रार केली असती तर बरे झाले असते.

पॉलिशने धातू जातो, परत येत नाही. लेझरने पोलाद भरून कान पुन्हा घडवणारे कारागीर आहेत, आणि त्यांचे काम अचाट असते, पण ते कोयनेची खोक भरू शकतील, परत आणू शकणार नाहीत. त्या दिवसापासून मी पॉलिश करण्यापूर्वी प्रत्येक मोठ्या ओरखड्याकडे बोट दाखवून विचारतो: हा कशाचा? निम्मे लोक हसतात. उरलेल्यांपैकी काही जण थोडा वेळ गप्प राहतात आणि मग म्हणतात, तो राहू द्या.

पार्ल्याच्या बाईंचे घड्याळ मी उकलायला घेतले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला. तो न्यू जर्सीत असतो. आवाजात अगत्य होते आणि अभ्यासही बराच केलेला होता. ‘काका, खर्चाची काळजी करू नका’, तो म्हणाला, ‘पण सगळं ओरिजिनल पाहिजे. डायल नव्यासारखी करून घ्या, केस चकाचक, आणि आकडे अंधारात चमकले पाहिजेत. आजोबांच्या वेळी चमकायचे म्हणे.’ या एका वाक्यातल्या चार मागण्या एकमेकींशी भांडत होत्या, हे त्याला सांगायला मला पाऊण तास लागला.

तबकडीचे आधी. १९४७ च्या त्या तबकडीचा मूळ रुपेरी रंग साईसारखा पिवळसर झाला होता आणि सातच्या आकड्याजवळ एक तपकिरी डाग होता. तिला नवा रंग देऊन आकडे पुन्हा छापणे मुंबईत आजही अगदी थोडक्या पैशांत होते. इतके की जगभरच्या जुन्या घड्याळांच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो: कुठल्या तरी यंत्राला कुठली तरी केस, त्यावर भडक निळी किंवा नारिंगी तबकडी आणि जरा तिरपे छापलेले स्विस नाव. आपल्या शहराचे नाव अशा अर्थाने जगात जावे याचे मला वाईट वाटते. पण ज्या हातांनी ही घड्याळे बनतात त्यांचे कौतुकही वाटते, कारण मोडीत निघालेल्या पाच घड्याळांतून चालणारे एक उभे करणे हे सोपे काम नाही. खोटेपणा रंगात नसतो, ते जुने अस्सल म्हणून विकण्यात असतो. मुलाला मी एवढेच म्हटले की नवी रंगवलेली तबकडी आणि ‘ओरिजिनल’ हे दोन्ही एका घड्याळात मावत नाहीत. यांतले काय हवे ते त्याने निवडावे.

चमकण्याचा मुद्दा अधिक नाजूक होता. आपल्याकडे गाडीवर चमकते अक्षर लावून देणाऱ्या दुकानावर अजून ‘रेडियम आर्ट’ अशी पाटी असते; त्या स्टिकरमध्ये रेडियमचा अंशही नसतो, पण शब्द राहिला आहे. या ओमेगाच्या आकड्यांत मात्र खरेखुरे रेडियम होते. रेडियम आणि झिंक सल्फाइड यांच्या मिश्रणाने हे आकडे रंगवीत. काही दशकांत झिंक सल्फाइड थकते आणि प्रकाश विझतो. रेडियम मात्र थकत नाही, ते निम्मे व्हायलाच १६०० वर्षे लागतात. बंद काचेखाली ते स्वस्थ असते. पण ते खरवडले, त्याची भुकटी उडाली आणि श्वासात गेली तर धोका असतो. न्यू जर्सीतल्याच ऑरेंज या गावी १९२० च्या आसपास तरुण मुली असे आकडे रंगवीत असत आणि ब्रशाला टोक यावे म्हणून तो ओठांत धरीत. त्यांच्या जबड्याची हाडे झिजली, कित्येक जणी मेल्या, आणि उरलेल्या जणी कारखान्याविरुद्ध न्यायालयात लढल्या. तो मुलगा त्या गावापासून अर्ध्या तासावर राहतो, आणि त्याला हे ठाऊक नव्हते. फोनवर काही क्षण शांतता होती. ‘मग राहू द्या, काका’, तो म्हणाला.

काका हे आकडे ब्लेडने खरवडून, फुंकर मारून पुन्हा रंगवीत असत, हे मी त्याला सांगितले नाही.

आता राहिला सुट्या भागांचा प्रश्न. नव्या घड्याळांच्या बाबतीत तो आज आमच्या धंद्याचा मुख्य तंटा आहे. मोठ्या स्विस कंपन्यांनी स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना सुटे भाग देणे गेल्या काही दशकांत आवळत आणले आहे. युरोपातल्या घड्याळ दुरुस्ती करणाऱ्यांच्या महासंघाने त्याविरुद्ध २००४ मध्ये युरोपियन आयोगाकडे तक्रार केली, प्रकरण वर-खाली होत राहिले आणि २०१७ मध्ये तिथल्या न्यायालयाचा निकाल दुरुस्ती करणाऱ्यांच्या विरोधात गेला. कंपन्या म्हणतात की अर्धवट शिकलेल्या हातात भाग गेले तर घड्याळाचे आणि नावाचे नुकसान होते. मी दोन्ही बाजूंना बसून काम केले आहे, आणि अर्धवट हातांनी केलेले नुकसानही भरपूर पाहिले आहे. तरीही मला वाटते की ज्याच्या हातात कौशल्य आहे त्याला एका स्क्रूसाठी हात जोडावे लागू नयेत. जुन्या घड्याळांची गंमत अशी की त्यांच्या बाबतीत हा प्रश्न उलटा आहे. त्या ३० मिलिमीटरच्या यंत्राचा कारखान्यातून आलेला, कधीच न वापरलेला, मेणकागदाच्या पुडीतला स्टाफ आज इंटरनेटवरून आठवडाभरात माझ्या दारी येतो.

हे सांगायचे कारण, या घड्याळाच्या आत काकांचा स्टाफ होता. बॅलन्स काढून भिंगाखाली धरले तेव्हा शंका उरली नाही. कारखान्यातला स्टाफ सगळीकडून सारखा गुळगुळीत असतो. हा मधल्या भागात कातल्याच्या बारीक वळ्या तशाच ठेवलेला, करडा होता, आणि फक्त जिथे तो माणकात फिरतो ती दोन टोके काळ्या आरशासारखी होती. जिथे गरज नाही तिथे काका श्रम करीत नसत. बॅलन्सच्या आडव्या पट्टीवर एक लहानसा टोचा होता. रिवेट बसवताना पंच एकदा सटकलेला. काका त्यावर दिवसभर चरफडले असतील. मायक्रोमीटरने दोन्ही टोके मोजली. माझ्या मायक्रोमीटरला दोघांत फरक सापडला नाही. मी शिकायला गेलो त्याच्या अकरा वर्षे आधी, चाळीसच्या दिव्याखाली, आयग्लास आणि सवय एवढ्याच भांडवलावर केलेले हे काम होते.

नियमाप्रमाणे मी तो बदलायला हवा होता. ‘सगळं ओरिजिनल’ या मागणीप्रमाणेही. पुडीतला स्टाफ घालून मी घड्याळ कागदोपत्री अधिक शुद्ध केले असते आणि कुणालाच काही कळले नसते. मी यंत्र धुतले, नवी मेनस्प्रिंग घातली, काकांनी सोडलेला आणि त्यांच्यानंतरच्या कुणी तरी वाढवलेला तेलाचा चिकटा काढला, आजच्या पद्धतीने तेल घातले आणि काकांचा स्टाफ तसाच ठेवून घड्याळ मायक्रोफोनवर चढवले. सपाट ठेवून २७२ अंश, उभे धरून २४४. दिवसाला सात सेकंद पुढे. १९४७ च्या घड्याळाकडून मी याहून अधिक मागत नाही.

बाई घड्याळ न्यायला आल्या तेव्हा मी त्यांना झाकणाच्या आतला भाग भिंगातून दाखवला आणि त्या ‘श्री’ची हकीकत सांगितली. त्यांना ती अक्षरे दिसायला थोडा वेळ लागला.

‘चौऱ्याहत्तर ना? मीच पाडलं होतं’, त्या म्हणाल्या. ‘एम.ए.च्या परीक्षेला बाबांचं घड्याळ लावून गेले होते. घरी आल्यावर हातपाय धुताना मोरीत पडलं. बाबा काहीच बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी ते पुन्हा त्यांच्या हातावर दिसलं, एवढंच आठवतंय. किती घेतले असतील हो तेव्हा दुरुस्तीचे?’

ते मला सांगता आले नाही. ३१२ हा त्या वर्षीच्या वहीतला क्रमांक. त्या ओळीत रक्कम लिहिलेली असणार, पण काका गेल्यावर दुकान रिकामे करताना वह्या रद्दीत गेल्या. मी स्वतः त्या खाली उतरवल्या होत्या.

मी झाकणात खूण करीत नाही. आता तसे करणे चांगले मानत नाहीत. नोंद संगणकात होते आणि पोलाद जसेच्या तसे राहते. म्हणून पावतीवर सविस्तर लिहून देतो. बाईंनी चष्मा पुसून ती पावती वाचायला घेतली. धुणे व तेल. मेनस्प्रिंग नवी. काच नवी. त्याखाली: तबकडीला हात लावला नाही. रेडियमचे आकडे व काटे तसेच ठेवले, काच घरी उघडू नये. केसला पॉलिश केले नाही. बॅलन्स स्टाफ हाताने कातलेला, १९७४ चा, चांगल्या स्थितीत, बदलला नाही.

‘अहो’, त्या म्हणाल्या, ‘केलेल्या कामांपेक्षा तुमची न केलेल्या कामांची यादीच मोठी आहे.’ मग त्यांनी पाकीट उघडले आणि त्या यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर मी पैसे मांडलेत का, हे बोट ठेवून एकदा तपासून पाहिले.